पायाखालचा ठोका

प्रिय दादा,

पत्र बघून घाबरला असशील तर आधी पाणी पी. वर्कशॉप चालू आहे, घर जागेवर आहे, मीही हिंडतेफिरते आहे. फोन का केला नाही म्हणून चिडू नकोस, फोनवर हल्ली माझं काही जमत नाही. मला एवढंच हवंय की तू इकडे यावंस, आणि लवकर यावंस. नुसतं ‘ये’ म्हटलं तर तू ‘बघू’ म्हणणार, आणि तुझ्या ‘बघू’चा अर्थ मला लहानपणापासून पाठ आहे. म्हणून जरा लांबण लावते.

बाबांचं सुतारकामाचं वर्कशॉप अजून तसंच आहे. दोन कारागीर येतात, दिवसभर करवतीचं मशीन चालतं, संध्याकाळी ते घरी जातात आणि मी भुसा झाडत बसते. झाडायला फारसं काही नसतं, पण घरी तरी कोण वाट बघतंय. वरच्या मजल्यावर, जिथे आपण वाजवायचो, तिथे मी प्लायवूड रचून ठेवलं होतं. बाबांनी तुझ्या ड्रमसाठी केलेला लाकडी चौथरा त्याच्याखाली दबलेला. आठवतंय ना, कार्टी घर पाडणार आहेत असं म्हणत म्हणत त्यांनी तो चांगल्या सागवानाचा केला होता. गिऱ्हाइकासाठी सागवान वापरायचे तेव्हा महाग म्हणून कुरकुरायचे, आणि आपल्या धिंगाण्यासाठी मात्र हात आखडला नाही. आपण वर वाजवायला लागलो की ते खाली तुझ्या ठोक्यावर रंधा मारायचे. विचारलं तर कबूल करत नसत.

परवा रेडिओवर कुणीतरी आपलं ‘भोंगा’ लावलं होतं. आपल्या बँडचं नावही तेच आणि गाणंही तेच, कारण दुसरं नाव सुचेपर्यंत पोस्टर छापून झाली होती. बंद पडलेल्या गिरणीचा भोंगा रोज कानात वाजणाऱ्या माणसाचं गाणं. आपल्या भाषेत असलं दणदणीत काही गाता येतं हे लोकांना तोवर माहीतच नव्हतं. एका पावसाळ्यात ते न्हाव्याच्या दुकानात ऐकू यायला लागलं, पुढच्या उन्हाळ्यात हॉलच्या खिडक्यांत माणसं बसायला लागली. आपल्या गायकाला मास्तरने ‘सायलेन्सर’ नाव ठेवलं होतं, कारण त्याचं तोंड बंदच होत नसे. आणि मास्तर स्वतः शाळेत गणित शिकवून यायचा आणि खडूच्या बोटांनी गिटार धरायचा. लोकांनी आपल्याला डोक्यावर घेतलं म्हणतात. खरं सांगू, मी ते लोक कधी धड बघितलेच नाहीत. माझ्यासारख्या बेस गिटार वाजवणाऱ्याने ड्रमवाल्याचा पाय बघायचा, हे तूच शिकवलंस. मी प्रत्येक कार्यक्रमात लोकांकडे पाठ करून, एक पाय तुझ्या चौथऱ्यावर टेकवून, तुझा उजवा पाय बघत उभी. सायलेन्सर म्हणायचा, लोकांना वाटतं हिला आपण पळवून आणलंय. चौथऱ्याशिवाय मी वाजवणार नाही म्हणून तू ते धूड टेम्पोत घालून गावोगाव नेलंस, आणि एकदाही कुरकुर केली नाहीस.

मग कंपनीवाले आले. मोठ्या शहरातला थंडगार स्टुडिओ, मऊ सोफा. दुसरी कॅसेट त्यांच्या भाषेत हवी होती आणि ठोका यंत्रावर हवा होता, कारण यंत्र पुढेमागे होत नाही. तू मांडीवर काठ्या घेऊन दिवसभर त्या सोफ्यावर बसलास. मधे सगळ्यांसाठी चहासुद्धा आणलास. कुणी तुला जा म्हणालं नाही, पण वाजव असंही कुणी म्हणालं नाही. घरी आल्यावर ड्रमवर चादर टाकलीस, बोटीवरची नोकरी धरलीस आणि गेलास. ती कॅसेट कुणी विकत घेतली नाही. शेवटच्या कार्यक्रमात भाड्याच्या ड्रमवाल्याने ‘भोंगा’ असं पळवलं की सायलेन्सरला श्वास घ्यायला जागा उरली नाही. त्याने मधेच गाणं थांबवलं आणि माईक खाली ठेवला. भांडण झालं नाही. वायरी गुंडाळल्या आणि आपापल्या घरी गेलो. सायलेन्सर आता विमा विकतो आणि म्हणे फार कमी बोलतो. मास्तर मुलीकडे राहायला गेला. बाबा गेले तेव्हा तू एका दुपारपुरता आलास आणि जिना चढला नाहीस.

मला एकटं वाटतं रे. आधी वाटायचं, कामात दिवस जातो. जातो, पण मग संध्याकाळ येते.

रेडिओवर ‘भोंगा’ लागलं म्हणाले ना, ते मला कारागिराने खुणेने सांगितलं. मी रेडिओशेजारीच उभी होते. डावा कान पूर्ण गेलाय, उजवाही हळूहळू चाललाय. करवतीने अर्धं काम केलं, आपल्या गोंगाटाने अर्धं, असं डॉक्टरांचं म्हणणं. ऐकू येणं पार थांबलं की काय करायचं हे त्यांनाही माहीत नाही. उजवा किती टिकेल ते सांगत नाहीत, आणि बोलताना माझ्याकडे बघतही नाहीत. त्या दिवशी मी वर जाऊन प्लायवूड हलवलं आणि अनवाणी चौथऱ्यावर बसले. खाली मशीन सुरू झालं तसं ते तळव्यांना कळलं, अगदी स्वच्छ. दादा, मी ड्रमवरची चादर काढली आहे. पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या तोंडाला नवं पान बसवून घेतलं आहे. तुझी जागा पुसून ठेवली आहे. बाकी कुणी नको, गाणंही नको, तू फक्त वाजव. उजवा कान आहे तोवर आलास तर ऐकेन. आणि उशीर झाला तरी ये, मी चपला काढून उभी राहीन.

अजून तुझ्या पायाकडेच बघत असलेली,
तुझीच धाकटी