सात नंबरची काकडी

तीर्थस्वरूप अक्कांना, गुडघा परवानगी देईल तितके वाकून नमस्कार.

मी आणि कन्या इथे ठीक आहोत. तुमची तब्येत, साडूभाऊंची पाठ आणि तुमच्या धाकट्या बहिणीचा राग, तिन्ही कसे आहेत ते कळवावे. तिला तुमच्याकडे येऊन आज नऊ दिवस झाले. तिने तिथे काय सांगितले असेल याची मला कल्पना आहे, आणि तुम्ही ते मान डोलावत ऐकले असेल याचीही. म्हणून दुसरी बाजू कळवतो. ती परत यावी एवढ्यासाठी मी लिहितो आहे असे कृपया समजू नये. वस्तुस्थिती कागदावर असावी, इतकेच.

तुम्हाला माहीतच आहे, मी एकतीस वर्षे वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. त्यामुळे निवृत्तीनंतर परसात काकडीचे वेल लावले, ते चारचौघांसारखे नुसते पाणी घालून सोडून देणे मला शक्य नव्हते. प्रत्येक काकडीच्या देठाला दोऱ्याने क्रमांकाची चिठ्ठी, रोज सकाळी सात वाजता लांबीचे मोजमाप आणि वहीत नोंद. नियम एकच : पंचवीस सेंटिमीटर भरल्याशिवाय काकडी तोडायची नाही. हिचे म्हणणे, तोवर ती पिवळी पडते, बिया धरते आणि कडू लागते. (असेल. पण नियम म्हणजे नियम.) तेव्हा सगळा उन्हाळा काकड्या परसात लोंबत होत्या आणि आम्ही बाजारातली विकत आणून खात होतो, अशी माझी समजूत होती.

उन्हाळा सरत आला आणि एका मंगळवारी सात नंबरची काकडी, जी सोमवारी एकोणीस सेंटिमीटर होती, ती चौदा भरली. अक्का, काकडी वाकते, सुकते, कुजते, पण रातोरात आखडत नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. पहिला संशय टेपवर, कारण ती शेजारच्या शिंप्याकडून मागून आणलेली. मी पोलादी पट्टी घेऊन त्याच्या दुकानात गेलो आणि दोन गिऱ्हाइकांसमोर त्याची टेप तपासली. टेप बिनचूक निघाली. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, आणि कमरेत सैल करायला दिलेली माझी पँट दोन बोटे घट्ट होऊन परत आली आहे. (योगायोग? मला वाटत नाही.)

पुढे नऊ आणि अकरा नंबरही आखडले, तेव्हा कुणीतरी चिठ्ठ्या बदलते आहे हे उघड झाले. स्पष्टच लिहितो, राग मानू नका, या टप्प्यावर माझा संशय तुमच्यावरही होता. दर रविवारी ही तुमच्याकडे पिशवी घेऊन येते. जाताना पिशवी फुगलेली, येताना घडी घातलेली. माणसाने काय समजायचे?

मग मी खात्याच्या पद्धतीने गेलो. ज्यात फेरफार होतो त्याला मोहर लावायची. मेणबत्तीवर लाख वितळवली, बावीस देठांवर एकेक थेंब टाकला आणि (सरकारी शिक्का परत द्यावा लागला असल्यामुळे) अंगठा दाबला. अंगठा अजून दुखतो. दोन दिवसांत बावीसही काकड्या माना टाकून मोकळ्या झाल्या. गरम लाखेने देठ भाजतात हे मला कुणी सांगितले नव्हते. (हिने सांगितले होते. पण ती संशयितांच्या यादीत असल्यामुळे तिची साक्ष ग्राह्य धरता येत नव्हती.)

मग माझे डोके फिरले आणि मी फ्रिजवर नोटीस चिकटवली : ‘परसातील काकड्यांच्या लांबीतील तफावतीबाबत संबंधितांनी तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.’ हिने ती वाचली, पदराला हात पुसले, खाली ‘खुलासा अक्काकडे मिळेल’ असे लिहिले आणि दुपारच्या बसने निघाली.

खरी हकिकत मला कन्येकडून कळली. ही कोवळी काकडी तोडायची आणि तिची चिठ्ठी, मी अजून क्रमांक न दिलेल्या, जवळपास तेवढ्याच काकडीला बांधायची; उन्हाळा सरताना तेवढी लांब मिळेना, म्हणून आकडे आखडले. “बाबा, तुम्हाला आकडे हवे होते आणि आईला काकडी,” कन्या म्हणाली. आणि तोडलेली काकडी जायची कुठे, तर माझ्याच ताटात! मी रोज जेवताना म्हणायचो की काकडी असावी तर अशी, बाजारवाल्याकडून शिकले पाहिजे, आपल्या वेलाला हे जमायचे नाही. ही आणखी दोन फोडी वाढायची. तीन महिने तिने ताकास तूर लागू दिली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मीच. खरे सांगतो, मला लाज वाटली, आणि आता घर खायला उठते. जेवायला बसले की समोर कुणाला काही पटवून द्यायचे राहिलेले नाही.

अर्थात रविवारच्या पिशवीचा उलगडा अद्याप झालेला नाही, याची नोंद घ्यावी.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
(आपण अजून मानत असाल तर) आपला मेहुणा

ता. क. हे पत्र हिला दाखवू नये. चहाच्या वेळी ते टेबलावर उघडे राहिले, तर मात्र माझी हरकत नाही.

आणखी एक ता. क. नोटीस मी फ्रिजवरून काढून टाकली. तिने लिहिलेली ओळ तेवढी कापून ठेवली आहे.

शेवटचा ता. क. तुमच्याकडून येणारी चारची बस वेळेवर येते का, ते पाहायला मी रोज थांब्यावर जातो. बस वेळेवर येते. तेव्हा उत्तर टपालाने पाठवू नका. तिलाच पाठवा.