आईशेजारची जागा

बंगलोर,
११ नोव्हेंबर १९६३

प्रिय अलका,

प्रभूमध्ये सलाम. बाळाला आता दूध पचतंय हे वाचून जीव भांड्यात पडला. थंडीत पाय उघडे ठेवू नकोस, एवढं तरी सासूबाईंचं ऐक. तुझी तार बाबा असतानाच आली होती बरं का. बोलणं बंद झालं होतं, पण कानाशी तोंड नेऊन मी ‘अलकाला मुलगी झाली’ म्हटलं, तेव्हा ओठ हलले. मग दोन दिवसांनी ते गेले. तू ओली बाळंतीण, मिरजेहून मातीला कशी येणार होतीस? त्याचा सल धरू नकोस. पण दोन्ही पत्रांत तू एकच विचारलंस आणि मी दोन्हीदा गप्प राहिले. बाबांना आईशेजारी ठेवलं ना? नाही, अलका. आईशेजारी चंद्राबाई आहे. बाबा मागच्या भिंतीपाशी आहेत.

चंद्राबाई तुला आठवते ना, आपलं चर्च झाडणारी, बेळगावकडची? सकाळी कॅन्टोनमेंटातले संडास साफ करायची आणि रविवारी दुपारच्या मराठी उपासनेला पांढरं लुगडं नेसून शेवटच्या बाकावर बसायची. प्रभुभोजनाचा प्याला तिच्यापर्यंत सगळ्यांच्या नंतर पोचायचा. तसा नियम कुणी केला नव्हता, पण तो कधी मोडलाही नाही. आई अंथरुणाला खिळली ते शेवटचं वर्ष तू मिरजेला होतीस. माझी दवाखान्यातली नोकरी, अण्णाची इन्स्टिट्यूट. मंडळीतल्या बायका फळं घेऊन यायच्या, दारातून प्रार्थना करून जायच्या. कूस बदलायला, घाण काढायला आली ती चंद्राबाई, कुणी न बोलावता. दोघी तासन्‌तास बोलत बसायच्या. चंद्राबाईचं अर्धं कानडी आईला कळायचं नाही, पण हसू मात्र यायचं.

या एप्रिलात चंद्राबाई गेली. तुला नुकते दिवस राहिले होते, म्हणून तेव्हा काही कळवू नको असं बाबांनीच सांगितलं. तिचा मुलगा बसवंत जागा मागायला मंडळीच्या पंचांकडे आला. भगवंतराव पंचांनी नेहमीप्रमाणे कब्रस्तानाची मागची भिंत दाखवली. ती बाजू तू पाहिली नसशील, आपण कुणीच पाहिली नव्हती. भिंतीपलीकडे धोबीघाटाचं गटार आहे. पावसाळ्यात ते आत झिरपतं, माती खचते, लाकडी क्रूस तिरके होतात. झाडूवाल्यांची सगळी माणसं तिथेच आहेत. जुने पंच म्हणून बाबा त्या बैठकीला होते. म्हणाले, पुढे जागा आहे की. भगवंतराव म्हणाले, त्या घराण्यांच्या ठरलेल्या आहेत. तेव्हा बाबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘मग माझी ठरलेली द्या, आणि भिंतीकडची तिची मला.’ भगवंतराव गडबडले. ‘अहो, ती तुमच्या कुटुंबाशेजारची!’ त्यावर बाबांनी एवढंच म्हटलं, ‘दोघींची चांगली ओळख होती.’

अण्णा पेटला. मंडळीत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीत, म्हणाला. आईला विचारलं होतं का, असंही म्हणाला, आणि ते मलाही लागलं. बाबा जेवता जेवता थांबले. त्यांचा आवाज चढला नाही. म्हणाले, ‘विद्याधर, तुझे आजोबा नगरकडे गावकुसाबाहेर जन्मले. पाटलाच्या विहिरीवर त्यांना पाणी मिळालं नाही. मिशनच्या शाळेत पहिल्यांदा कुणी त्यांना शेजारी बसवून घेतलं, तिथून आपण इथवर आलो. येशू गावकुसात राहिला नाही रे. त्याला वेशीबाहेर नेऊन मारलं. आणि आपण दोन पिढ्यांत आत आलो, ते आल्या आल्या स्वतःचं कूस बांधून मोकळे झालो.’ अण्णा ताटावरून उठला. पाऊस सुरू होईपर्यंत बापलेकांत कामापुरतंच बोलणं होतं. अण्णाला दुष्ट समजू नकोस हं. त्या इन्स्टिट्यूटमध्ये डबा खाताना त्याला आडनावावरून काय काय विचारतात ते त्यानं मला एकदाच सांगितलंय. मागचं सगळं पुसावं असं त्याला वाटतं, आणि बाबा तेच उघडं करून ठेवत होते.

बाबा गेले त्या दिवशी पाऊस कोसळत होता. भिंतीपाशी खणलेल्या खड्ड्यात बघता बघता गुडघाभर पाणी झालं. पंच फळ्या टाकून त्यांवर उभे. बसवंत आणि त्याच्या वस्तीतली माणसं बादल्यांनी पाणी उपसत होती. उपसावं तेवढं पुन्हा येत होतं. शेवटी बसवंत स्वतः आत उतरला आणि त्यानं पेटी खालून हातांवर झेलली. वर आला तेव्हा छातीपर्यंत चिखल. मला म्हणाला, ‘अक्का, हळूच ठेवलंय.’ अण्णा लहान मुलासारखा रडला. माझ्या बापाला चिखलात ठेवलं, एवढंच म्हणत राहिला. मीही रडले, पण मला वाटत होतं, इथे इतकी माणसं याच चिखलात ठेवली, तेव्हा आपण घरी कोरड्यात होतो.

आता खरं कारण लिहिते. येत्या रविवारी अण्णा तुझ्याकडे येतोय. बाळाला बघायला येतो म्हणेल, आणि ते खोटं नाही. पण भगवंतरावांनी एक तोड काढली आहे. चंद्राबाईला उचलून भिंतीकडे न्यायचं आणि बाबांना आईशेजारी. पाळकसाहेब म्हणतात, तिन्ही मुलांचं एकमत असेल तरच. मी नाही म्हटलंय. तू हो म्हणालीस की मी एकटी पडेन आणि वाकेन, असं अण्णाला वाटतं. बसवंतनं कबूल केलंय, हेही तो तुला सांगेल. केलंय. ‘तुम्ही म्हणाल तसं, सामी’ म्हणाला. त्याची झोपडी चर्चच्या आवारात आहे, अलका. तो दुसरं काय म्हणणार होता? आणि एक गोष्ट अण्णा तुला सांगणार नाही. बाबा तिथे गेल्यापासून पंच पहिल्यांदा ते गटार वळवायचं बोलायला लागलेत. जुन्या पंचांच्या कबरीत पाणी शिरतं, हे बरं दिसत नाही म्हणे. बाबांसाठी का होईना, वळवू देत. जमीन सगळ्यांचीच कोरडी होईल. पण बाबा तिथून हलले की गटार आहे तिथेच राहील. अण्णाला पोटभर जेवू घाल, बाळ त्याच्या मांडीवर दे, आणि मग नाही म्हण. रागावेल. पण तुझ्यावर त्याचा राग टिकत नाही. नाताळला बाळाला घेऊन ये. आधी आईकडे आणि चंद्राबाईकडे जाऊ, मग मागे बाबांकडे. तिथे अजून चिखल असेल, जुन्या चपला घाल.

तुझीच,
हेमअक्का