दम्याच्या पंपावरची सूट

उस्ताद, अबुधाबीजवळच्या मुसफ्फ्याच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही मला वेल्डिंग शिकवलेत, तेव्हा मी केवळ चौथी शिकलेला, परंतु ताठ मानेचा माणूस होतो. मान आजही ताठच आहे, म्हणून हे लिहिण्यास इतकी वर्षे लागली. तुम्ही नोकरी सोडून गावी गेलात आणि तिकडे वारलात, ही बातमी मला वर्कशॉपमध्येच कळली. मी त्या दिवशीही कामावर गेलो.

तुम्हांला दमा होता. कंपनीने विम्याचे कार्ड दिले होते आणि पंपाच्या किमतीचा पाचवा हिस्सा तुम्ही भरत होतात. एकदा फार्मसीतल्या मल्याळी गृहस्थाने तुम्हांला सांगितले, की कामगारांच्या औषधांवर फार्मसी आपल्या कंपनीच्या ऑफिसला सूट परत देते. कामगाराचा हिस्सा मात्र छापील किमतीवरच घेतला जातो. जेवणाच्या सुटीत तुम्ही हे आम्हां सर्वांना समजावलेत. सगळे म्हणाले, "उस्ताद, तुम्ही बोला, आम्ही आहोत मागे." दुसऱ्या दिवशी तुमच्या मागे मी एकटाच होतो.

मी अजून त्या ऑफिसात उभा आहे. एसीची थंड हवा, अंगात मळका डगला. मॅनेजर आपल्याच मुलखाचे, वयाने माझ्याहून लहान. तुम्ही शांतपणे म्हणता, "साहेब, सूट आमच्या औषधावर मिळते. आमच्या हिश्शातून तेवढी कमी करा, एवढंच." ते हसतात आणि माझ्याकडे वळतात. "काय हो, तुम्हांलाही डिस्काउंट हवाय? कार्ड दिलंय, पगार वेळेवर होतोय, आता औषधावरही घासाघीस? मराठी माणसानं इथं येऊन मागत फिरायचं का?"

माझे कान तापतात. मी म्हणतो, "मी कुणाची खैरात घेत नाही. माझा हिस्सा मी पूर्ण भरतो."

"झालं तर मग, खलास! तुमचाच माणूस नको म्हणतोय, उस्ताद."

परतताना बसमध्ये तुम्ही रागावला नाहीत. पंप कानाशी धरून हलवलात, आत किती उरले आहे ते ऐकण्यासाठी. मग म्हणालात, "अरे, खैरात कसली? आपल्या आजारपणावर त्यांना सुटलेले पैसे ते. आपलेच की." पुढे तुम्ही दोन वेळचा पंप एका वेळेवर आणलात. धुरात खोकला अनावर झाला, की म्हणत होतात, "माझ्याकडे काय बघतोस? वेल्डिंगचा टाका बघ, वाकडा जातोय." आणि मी पुन्हा टाक्यावर वाकत असे.

आता तोच पंप मीही ओढतो. गावातला औषधवाला न मागता बिलात सूट धरतो आणि मी ती घेतो. अबुधाबीत कोणापुढे हात पसरला नाही, असे मी घरी अभिमानाने सांगत आलो. हात तुम्हीही पसरला नव्हतात, हे मात्र कधी सांगितले नाही.

तुमच्या मुलाचा पत्ता माझ्याजवळ आहे. तो मला तुमचा खरा शिष्य समजतो, म्हणून हे पत्र त्याच्याकडे जाणार नाही. एवढेच लिहून ठेवतो: त्या दुपारी तुम्ही औषधावरच्या सुटीचा हिशेब समजावलात, तो मला कळलाच नव्हता. सूट कोणाला मिळते, कशावर मिळते, काहीच नाही. चार माणसांत पुन्हा विचारण्याची मला लाज वाटली.