जोसेफची सूटकेस

गुरुवार, १२ नोव्हेंबर १९९८, मुसफ्फा, अबुधाबी

जोसेफची ती दोरी बांधलेली सूटकेस डोळ्यांपुढून जात नाही.

कंपनीच्या बास्केटबॉल लीगमध्ये आमचं डिपार्टमेंट पुन्हा शेवटचं आलं, म्हणून यंदा नव्या खेळाडूंतून पहिली निवड आमची. आमचा जुना कोच नोकरी सोडून कायमचा मनिलाला गेला, खलास. दुसरं कोणी तयार होईना. मॅनेजर म्हणाले, "देशपांडे, तूच हो कोच. हजेरी तशीही तूच घेतोस." मला फाऊलसुद्धा धड कळत नाही.

मला तो बुटका, चपळ इलेक्ट्रिशियन हवा होता. मॅनेजरांनी उंच क्रेन ऑपरेटरचं, जोसेफचं नाव लिहायला लावलं. लिहिलं, आणि मग आठवलं की त्याची सुट्टी गेल्या आठवड्यात मीच पास केली आहे. दोन वर्षांनी घरी चालला आहे. मुलीला त्याने अजून पाहिलेलं नाही.

मॅनेजरांना हे सांगितलं. "सुट्टी रद्द कर. लीगनंतर जाऊ दे." सगळ्या कामगारांसारखा त्याचाही पासपोर्ट कंपनीकडे, माझ्याच कपाटात. मी "नाही" का म्हटलं नाही? म्हटलं असतं तर काय झालं असतं?

सुट्टी रद्द झाल्याचं सांगायला संध्याकाळी कामगारांच्या कॅम्पवर गेलो. निवडीची बातमी आधीच पोचली होती. "साब, सबसे पहले मेरा नाम?" किती खूश होता. मुलीसाठी घेतलेला फ्रॉक दाखवायला त्याने सूटकेसची दोरी सोडली. परत बांधताना म्हणाला, "साब, ज़रा उँगली रखो."

गाठ घट्ट बसेपर्यंत मी बोट धरून उभा राहिलो.