भट्टी गेली, झारा माझ्याच हातात

मु. पूर्णा

सौ. चांगुणाबाईस दत्तरावकडून खुशालीचा सांगावा.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना?

इथल्या हॉटेलातली लाकडाची भट्टी काढून मालकांनी गॅस बसवला. तेल फार तापलं की माझा हात सवयीने खाली लाकूड ओढायला जायचा. तिथे लाकूडच नाही! तोवर भजी काळी. एक गिऱ्हाईक हसलं, तसा मी झारा आपटला. आता घरी धाडतील, या धास्तीने झोप उडाली.

शेवटी सांगूनच टाकलं, "मालक, मला ह्या गॅसचं लय भ्याव वाटायलंय. म्हणून चिडायलोय."

ते म्हणाले, "दत्तरावमामा, मग आधी बोलायचं की! बटन फिरवा, लाकूड ओढलं समजा."

आता छाती धडधडली की मी ज्योत बारीक करतो, घोटभर पाणी पितो, मगच घाणा टाकतो. सिलिंडर मात्र रोज हुंगून बघतो, तू काळजी करू नको.

काल बाजारच्या दिवशी भज्यांना रांग लागली! मालकांनी नवा आचारी माझ्या हाताखाली दिलाय. तो गॅसला बिचकतो. "भिऊ नको," असं त्याला मी सांगायलोय, मी!

शेळी व्याली का, ते कळव.

तुझा,
दत्तराव