विश्रांती गट

प्रिय बंड्या,

आशीर्वाद वगैरे गृहीत धर, आज लिहायची इच्छा नाही. फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस, म्हणून हा कागद.

सरकारी आरोग्य विम्याने तुझ्या हृदयरोगाच्या दवाखान्यात ही योजना करून बघायला दिली, तेव्हा मी किती मिरवले होते! गोळ्यांच्या जोडीला खाणं, चालणं, झोप शिकवायची, फरक पडला तर सगळीकडे लागू करायची. पहिली पेशंट म्हणून तू मलाच भरती केलंस. वजनाचा काटा खाली आला की गटाने टाळ्या वाजवायच्या, हे फॅडही तुझंच. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. माझा दम लागायचा थांबला आणि माझा हसरा फोटो तू दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर टांगलास.

आमच्या गटातला तो गोदामाचा रखवालदार आठवतो? रात्रपाळी संपवून थेट यायचा, डोळे लालभडक. तुझी आहारवाली त्याला रात्री लवकर झोपा म्हणून सांगायची आणि तो बिचारा मान डोलवायचा. तो झोपला तर गोदाम कोण राखणार, तुझा बाप? आपला बाप एकच, म्हणून सोडून देते. त्याने साखर सोडली, तळलेलं सोडलं, बायकोशी भांडून मीठ कमी केलं. तरी काटा हलेना. मग त्याला गोड आवाजात फोन गेला, की तुम्ही फार दमलात, तुम्हाला विश्रांती गटात घेतलंय. मला वाटलं, काय काळजी घेतात माणसांची!

परवा जेवताना तूच हसत हसत सांगितलंस, की असा गटबिट काही नाही. ज्यांना गुण येत नाही त्यांना तिथे ढकलायचं, म्हणजे विमावाल्यांपुढे आकडे छान दिसतात. एवढं सांगून वर आणखी वाढून घेतलंस. शी! माझा घास तोंडातच फिरत राहिला. तुला कडेवर घेऊन वाढवलंय मी, आणि मला तुझी किळस आली रे.

आज तो मला औषधाच्या दुकानाबाहेर दिसला. तोंड चुकवत होता. डॉक्टरांनी मला नापास केलं, आता कुठल्या तोंडाने जाऊ, म्हणाला. तेव्हापासून साधी तपासणी नाही, गोळ्याही बंद. पाय एवढे सुजलेत की चपलेचा पट्टा बसत नाही, चार पावलं टाकली की थांबतो. हातापाया पडले, तरी दवाखान्यात यायला तयार नाही.

उद्या विम्याचे अधिकारी येतील तेव्हा मी त्यांना सगळं सांगणार आहे, माझ्या गुणाचंही आणि तुझ्या गुणांचंही. पण ते उद्याचं. स्वतःसाठी तो यायचा नाही, पण ताईचं काम म्हटल्यावर नाही म्हणाला नाही. तुझ्याच हातात द्यायचं आणि उत्तर घेऊनच परतायचं, असं बजावून त्याला गाडीत बसवून दिलंय. हे पत्र आणणारा तोच आहे. आता कागद ठेव बाजूला, त्याला बसव आणि आधी त्याचे पाय बघ.

अजून तरी तुझीच,
ताई