सरकवलेली प्लेट

बाबा,

हे पत्र मी बारा वर्षं टाळलं. टौरंगाला किवीफ्रूटच्या पॅकहाउसमध्ये होते तेव्हा एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून वही आणली होती, तिच्यात शेवटी बसच्या वेळा लिहिल्या. मग दक्षिणेत मेंढ्यांच्या फार्मवर, मग कुठे कुठे. मेंढ्यांबद्दल सांगण्यासारखं खूप आहे, पण तुम्हाला त्यात रस नसता. माझ्यातही होता तो मार्कांपुरताच.

आज त्याच इटालियन खानावळीत बसलेय. मालकीण आजी, तिचा मुलगा आणि सून, तिघंच अजून चालवतात. तीन महिने झाले, मी परत इथे लागलेय, आता स्वयंपाकाला. दुपारची गिऱ्हाइकं गेलीत. आजी समोर शेंगा सोलतेय आणि दर पाच मिनिटांनी विचारतेय, "बॉयफ्रेंडला लिहितेस?" मी म्हटलं, "बापाला." "मग जेवणाचं लिही," म्हणाली. तर जेवणाचं लिहिते.

आईचा पन्नासावा वाढदिवस होता. ऑफिसातल्या कुणीतरी तुम्हाला ही जागा सुचवलेली. बॉटनी डाउन्सच्या घरून तुम्ही, आई आणि दादा गाडीने आलात. मी ट्युटोरियल आहे सांगून सकाळीच घराबाहेर पडले होते. फार्मसीचं शिक्षण सोडून मला चार महिने झाले होते आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. इथे भांडी घासण्यापासून सुरुवात केली. त्या आठवड्यात आजीने पहिल्यांदा मला न्योकी वळायला दिली. उकडलेला बटाटा मैद्यात मळायचा, छोटे गोळे करायचे आणि एकेक गोळा काट्याच्या पाठीवर अंगठ्याने फिरवायचा. फार दाबलं की रबर होतं. शंभरेक झाल्यावर आजी नुसतं "हं" म्हणाली. आपल्या घरात मला एवढं "हं"सुद्धा कधी मिळालं नव्हतं.

त्या दिवशी तुमच्या टेबलाच्या प्लेटी घेऊन मीच बाहेर येते. तुम्ही माझ्याकडे बघता, मग ऍप्रनकडे, मग पुन्हा मेन्यूत डोकं घालता. आई म्हणते, "अगं, तू?" मी आजीला सांगते, हे माझे आईवडील, आणि ती तुमच्या खांद्यावर थाप मारते. "तुमच्या पोरीने केलंय हे, तिच्या हातांनी!" तुम्ही हसून इंग्रजीत म्हणालात, "वंडरफुल." आणि तेच हसू तसंच ठेवून, माझ्याकडे न बघता, मराठीत: "लोकांची उष्टी काढायला आणलं होतं का तुला इथे?"

आजीला बिचारीला हसूच दिसलं. तिने तुमचा काटा उचलला, तुमच्या प्लेटमधली एक न्योकी मीठ बघायला तोंडात टाकली आणि त्याच काट्याला दुसरी टोचून तुमच्या तोंडासमोर धरली. तिच्या टेबलावर माया अशीच करतात, सगळे सगळ्यांच्या ताटात. आणि तुम्ही कसे, तर आईने आमटी चाखलेला चमचा परत पातेल्यात गेला तर ती आमटी न खाणारे. तुम्ही मान मागे घेतलीत. "नो थँक्स, आय ऍम फुल." एक घास न खाता फुल! मग दोन बोटांनी प्लेट सरकवलीत, पार टेबलाच्या कडेपर्यंत. दादा ब्रेडकडे बघत बसला. आईनेही काटा खाली ठेवला. स्वतःच्या वाढदिवसाला.

आत गेल्यावर आजीने विचारलं, "मीठ जास्त झालं?" मी म्हटलं, "त्यांचं पोट बिघडलंय." तुमची प्लेट मी सिंकपाशी उभी राहून संपवली. मीठ बरोबर होतं, बाबा.

त्यानंतर घरात तुम्ही माझ्याशी आईमार्फत बोलायचात. मी समोर बसलेली असताना, "तिला सांग, जेवून घे." मी बॅग भरून गेले. वर्ष व्हायच्या आत तुम्हीही गेलात, आणि घरी समाचाराला आलेली माणसं मलाच सांगत होती, किती शांत माणूस हो! शांत. तुमचं ते एक वाक्य मी प्रत्येक नोकरीत बरोबर नेलं. कुणी नुसतं "टेबल पुस" म्हटलं तरी उठून चालू पडायचे. लोकांना वाटतं मला फिरायची हौस आहे.

एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितलेली नाही. त्या सकाळी बुकिंगच्या वहीत मी आपलं आडनाव वाचलं होतं. स्पेलिंग चुकलेलं, पण आपलंच. सुट्टी मागितली असती तर आजीने दिली असती. मी मागितली नाही. वाटलं, आधी पोटात जाऊ दे, मग बोलणं सोपं होईल. मला तुम्हाला जेवायला घालायचं होतं, एवढंच.

हे पाठवायला पत्ता नाही ते बरंच आहे, असता तरी पाठवलं नसतं. आणि आता थांबतेच, कारण दार उघडलं म्हणून वर बघितलं तर आई. एकटी, ओल्या जॅकेटात. परत इथे लागलेय एवढंच मी फोनवर सांगितलं होतं, बोलावलं नव्हतं. बारा वर्षांत या रस्त्यावरून गाडीसुद्धा नेली नव्हती तिने. आजी खुर्चीतून उठायच्या आत तिने दारातूनच मराठीत विचारलं, "अगं, हात कुठे धुवायचे?"